एकसष्टावा मूकपट

आमच्या घरात बोलायचं काम आईकडे होतं आणि ऐकायचं बाबांकडे. लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी ही वाटणी कुणी मोडली नव्हती.

आई पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या खिडकीवर बसायची. सत्तावीस वर्षं एकच खिडकी. दिवसभर लोकांचे फुटलेले नळ आणि गढूळ पाणी ऐकायची, त्यांना दोन शब्द सुनवायची, आणि संध्याकाळी घरी आल्यावर तेच सगळं आम्हाला पुन्हा करून दाखवायची. माणसागणिक आवाज वेगळा. ऑफिसात तिला खिडकीबाई म्हणत, आणि तिला ते आवडायचं. बाबा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत भिंगं घासतात. मशीनची घरघर आणि हाताखालची ओली काच, एवढ्यात त्यांचा दिवस जातो. घरी आले की आईच्या समोर बसायचे आणि ‘हं’ म्हणायचे. हसू आलं तरी ‘हं’, पटलं नाही तरी ‘हं’. आई म्हणायची, “भिंतीशी बोललं तर निदान आवाज परत तरी येतो.”

तो मंगळवार होता. अकराच्या सुमारास खिडकीवर एक माणूस आला, तीन दिवस पाणी नाही म्हणून. आई म्हणाली, “उद्या या.” तो म्हणाला, काल पण हेच सांगितलंत. आई म्हणाली, “उद्या या.” त्याचा आवाज चढला. आई पुन्हा तेच. मागच्या रांगेत हशा पिकला. माणसाने फळीवर हात आपटला, “काय उद्या या, उद्या या लावलंय मघापासून? माणूस आहात की रेकॉर्ड?” आईने त्याच्याकडे बघितलं आणि एकदम मऊ आवाजात, विनवणी केल्यासारखं, पुन्हा तेच म्हटलं. तेव्हा कुठे शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने मान वळवली. आईच्या हातातलं पेन खाली पडलं होतं आणि तोंड उजवीकडे उतरलं होतं.

दवाखान्यात ती शुद्धीवर आली तेव्हा तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं. भूक लागली, उद्या या. पाठ दुखते, उद्या या. मला बघून डोळे भरून आले, माझ्या गालावर डावा हात ठेवला आणि म्हणाली, “उद्या या.” बाजूच्या खाटेवरच्या बाईला हसू आवरेना, आणि मग तिचीच तिला लाज वाटली.

स्पीच थेरपीच्या बाईंनी आम्हाला बसवून समजावलं. “काका, त्यांना कळतं बरंचसं. काय म्हणायचंय तेही ठाऊक आहे. पण शब्द तोंडापर्यंत येईस्तोवर बदलतो. कधी कधी एखादंच वाक्य शिल्लक राहतं, नेहमीच्या तोंडातलं.”

“परत येईल?” बाबांनी विचारलं.

“किती ते आज नाही सांगता येणार. पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त फरक पडतो, एवढं खरं.”

त्यांनी पुढेही पुष्कळ सांगितलं. सराव, धीर, नंतरही हळूहळू होणारी सुधारणा. मी ते ऐकलं. बाबांनी फक्त सहा महिने ऐकले.

मी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला आहे, दुपारी दोनला सुटते. आईला घरी आणलं तशी मी माझी खोली सोडून बॅग घेऊन त्यांच्याकडे राहायला आले. सकाळी शेजारच्या आजी बसायच्या, दुपारनंतर मी, पाचपासून बाबा. आईचा उजवा हात लुळा होता, पाय ओढत काठीच्या आधाराने घरातल्या घरात चालायची. टीव्ही लावला की चिडायची. माणसं भराभरा बोलायची, ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची, आणि शेवटी डोळे मिटून घ्यायची.

आणि एक दिवस ती हसली.

थेरपीच्या बाईंकडे बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक टीव्ही होता. त्या दिवशी कुणीतरी त्यावर खूप जुना, मुका सिनेमा लावला होता. एक वेटर, हातात ताटांची चळत, आणि त्याच्या कॉलरमध्ये शिरलेली माशी. माणूस वाकतो, वळवळतो, नाचतो, पण ताट काही पडू देत नाही. आई टक लावून बघत होती. शेवटी तो ताटं नीट टेबलावर ठेवतो, सुटकेचा श्वास टाकतो आणि स्वतःच खुर्चीवरून पडतो. आई खदखदून हसली. जुनं, तिचं स्वतःचं हसू. बाबा उभेच राहिले.

घरी जाताना त्यांनी मला विचारलं, “तुझ्या लक्षात आलं का? त्यात कुणी बोलत नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दुकानात सिनेमावाले सर आले. कॉलेजात सिनेमाचा इतिहास शिकवून निवृत्त झालेले, जाड भिंगांचं गिऱ्हाईक. बाबा मागच्या खोलीतून उठून स्वतःहून त्यांच्यापाशी गेले. दुकानमालक मला नंतर म्हणाले, “बावीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस गिऱ्हाईकाशी बोलला. मी म्हटलं, आता छप्पर कोसळणार.” आठवड्याभरात सरांनी एक यादी आणून दिली, आणि एका पेनड्राइव्हवर सिनेमे. सिनेमा जन्मला तिथपासून तो बोलायला लागेपर्यंतची तीसपस्तीस वर्षं. मूकपट. मोजून शंभर.

शंभर का, तर बाबांचा हिशोब होता. सहा महिने म्हणजे एकशे ऐंशी दिवस. त्यातले ऐंशी गेले होते.

“रोज एक,” ते म्हणाले. “शंभर दिवस, शंभर सिनेमे. चुकवायचं नाही.”

सर जाता जाता बोलले होते, “आवडीने बघा हो. औषधाच्या गोळ्यांसारखं नका घेऊ.” बाबा म्हणाले, हं.

संध्याकाळी पाच वाजता बाबा घरी येत, हातपाय धुवत, पडदे ओढत. टीव्हीसमोर दोन खुर्च्या. पहिले पंधरा-वीस सिनेमे एवढेसे होते, दहा-दहा मिनिटांचे. धावणारी माणसं, उलटणाऱ्या गाड्या, आग लागलेलं घर आणि शिडीवर चढणारे बंबवाले. आईला मजा वाटायची. मग मोठे सुरू झाले. त्यात मध्येमध्ये पाटीवर लिहिलेली वाक्यं येत. आईला आता वाचता येत नव्हतं, आणि अर्ध्या पाट्या तर आमच्याही ओळखीच्या नसलेल्या भाषांत. म्हणून बाबा ती वाक्यं मनाने बनवून बोलायला लागले.

मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते आणि बाहेरून एक बायकी आवाज आला, “मला सोडून जाऊ नका हो. तुमचा शर्ट अजून वाळला नाही.” मी साबणाच्या हातांनी बाहेर आले. बाबा खुर्चीत ताठ बसून, पडद्यावरच्या रडणाऱ्या धोबिणीसाठी बोलत होते. मग घसा खाकरून नवऱ्याच्या आवाजात, “शर्ट राहू दे. देश बोलावतोय.” आईने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. बघ, तुझ्या बापाला कंठ फुटला.

ते दोन-तीन आठवडे चांगले गेले. मला वाटतं आमच्या घरातले ते शेवटचे हलके दिवस.

बाबांना सिनेमा पुरेसा नव्हता. त्यांना शब्द हवा होता. त्यांनी एक वही केली. डावीकडे सिनेमाचा नंबर, उजवीकडे आईने उच्चारलेला नवा शब्द. उजवी बाजू कोरी राहायला लागली तशी सिनेमाची शिकवणी झाली. मध्येच चित्र थांबवायचं.

“हे काय आहे? बघ नीट. टोपी. म्हण, टो…”

“उद्या या.”

“नाही. टो. ओठ असे कर. टो.”

“उद्या या,” आई म्हणायची. तिला कळायचं चुकलं ते. ती मान हलवायची, पुन्हा प्रयत्न करायची, कपाळावरची शीर तट्ट फुगायची, आणि बाहेर यायचं तेच. मग ती डाव्या मुठीने स्वतःच्या मांडीवर मारायची.

तिसाव्या सिनेमापर्यंत वहीत काही नाही. चाळिसाव्यापर्यंत काही नाही. मग आईला ताप आला, छातीत कफ, अकरा दिवस सिनेमे बंद. त्या अकरा दिवसांत बाबांचा चेहरा मी बघत होते. आईचा ताप मोजायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे. ताप उतरल्यावर आणखी तीन आठवडे ती बसूच शकली नाही. मग बाबांनी दुकानातून तीनलाच निघायला सुरुवात केली. रोज दोन सिनेमे. दुकानमालकांचा मला फोन आला, “वडिलांना जरा सांग. डाव्या डोळ्याचं भिंग उजव्यात बसवलं त्यांनी. असं कधी झालं नव्हतं.”

मी बाबांना गाठलं. “बास आता. ती थकते. तिला दिवसाला दोन-दोन तास डोळे ताणून बसवता.”

“चोवीस दिवस राहिले.”

“कशाला चोवीस? थेरपीच्या बाईंनी सांगितलंय, सहा महिन्यांनंतर दार बंद होत नाही म्हणून. मी पुन्हा विचारून आले.”

“ते धीर द्यायला सांगतात सगळे.”

“बाबा, हे आईसाठी चाललंय की तुमच्यासाठी?”

त्यांनी पुढचा सिनेमा शोधायला रिमोट उचलला. पूर्वी त्यांच्या गप्प राहण्यात काही नसायचं, नुसतं गप्प असायचे. आता त्यात दगड असल्यासारखं वाटायचं. आई जेवण कमी करत चालली होती. बाबांची यायची वेळ झाली की बाथरूममध्ये जाऊन बसायची. मी दारावर टकटक केलं तर आतून तिचा आवाज यायचा, बारीक, हळू, “उद्या या.” तेव्हा मात्र त्याचा अर्थ अगदी तोच असायचा.

एकसष्टावा सिनेमा मी अर्धवट बघितला. एका शिवणकाम करणाऱ्या बाईची गोष्ट. तिचं मूल कुठल्याशा संस्थेतले लोक घेऊन जातात. ती दारात उभी राहते आणि गाडी दूर जाताना बघते. कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ जातो, आणखी जवळ, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच हलत नाही. मी दाराशी धुतलेले कपडे घेऊन उभी होते, मलाही आत जाववेना. आई पुढे वाकली होती. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि तिला त्याचं भान नव्हतं.

बाबांनी चित्र थांबवलं.

“ही बाई काय करतेय?”

आईने त्यांच्याकडे बघितलं.

“रडत नाहीये अजून. पण रडणार आहे. बघ. रड-णार. म्हण. र…”

आईने हाताने खूण केली, चालू दे म्हणून. पुढचं बघायचं होतं तिला.

“आधी म्हण. मग लावतो. र…”

आईने पुन्हा खूण केली. बाबांनी रिमोट मागे धरला, लहान मुलापासून खाऊ लपवतात तसा. त्यांना तसं करायचं नव्हतं. आजही मी हेच म्हणेन. पण त्यांनी ते केलं.

आई उठली. काठी तिच्या डाव्या हातात होती. दोन पावलं टाकून तिने ती काठी टीव्हीवर मारली. एकदा, दोनदा. काच तडकली, त्या बाईचा चेहरा आडवा फाटला आणि अर्धी चौकट काळी झाली. तोल जाऊन आई भिंतीला टेकली, आणि तिच्या तोंडातून शब्द निघाला. कापरा, जड, जिभेवर ओझं असल्यासारखा.

“नको.”

त्याच क्षणी बाबा ओरडत होते. माझ्या आयुष्यात मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. “मग नको बोलूस! राहा अशीच! मरेपर्यंत लोकांना उद्या या, उद्या या कर!”

ते स्वतःच्याच आवाजाला घाबरले. रिमोट खुर्चीवर ठेवला, चपला घातल्या आणि बाहेर गेले. मी आईला धरून आत नेलं. तिच्या हाताला काही लागलं नव्हतं.

ती ‘नको’ म्हणाली होती. पाच महिन्यांतला पहिला नवा शब्द. मी स्पष्ट ऐकला. आणि बाबांनी ऐकला नव्हता, कारण ते बोलत होते.

मी त्यांना सांगितलं नाही.

हे मला नीट लिहायला हवं, कारण यात माझी बाजू चांगली दिसत नाही. बाबा तासाभराने परतले, जिन्यात त्यांची पावलं ऐकली तेव्हा शब्द माझ्या ओठांवर होता. पण त्यांचा चेहरा बघितला आणि मला आईची फुगलेली शीर आठवली, मांडीवर आपटणारी मूठ आठवली. म्हटलं, राहू दे. कळू दे, कोरडं राहणं काय असतं ते. ज्या एका शब्दासाठी त्या माणसाने जिवाचं रान केलं होतं तो माझ्यापाशी होता, आणि मी तो तीन दिवस दाबून ठेवला. दुपारी एकटी असताना मी आईपुढे बसून म्हणायचे, “आई, पुन्हा म्हण ना. नको.” ती ओठ हलवायची. “उद्या या.” मग मलाच शंका यायला लागली, आणि त्या शंकेचा मी आधार घेतला.

त्या तीन दिवसांत आईने बाबांच्या हातचं काही खाल्लं नाही. त्यांनी ताट पुढे केलं की भिंतीकडे तोंड. मी भरवलं तर दोन घास. बाबांनी फुटका टीव्ही पुसला, पडदे बांधून ठेवले, वही कपाटाच्या वर टाकली. थेरपीला न्यायची वेळ झाली तर आई खाटेवरून हललीच नाही.

तिसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर बाबा आमच्या इमारतीच्या जिन्यात बसलेले. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, पायरीवर, डब्याची पिशवी मांडीवर.

“तुम्ही इथे काय करताय?”

“मालकाने घरी पाठवलं. आठ दिवस येऊ नका म्हणाले.”

“मग वर चला.”

“जातो.”

ते उठले नाहीत. मी त्यांच्या शेजारी बसले. वरून कुणाचं तरी भांडं पडल्याचा आवाज आला.

“त्या दिवशी सकाळी,” ते म्हणाले. “त्या मंगळवारी. ती वेणी घालत होती. म्हणाली, अहो, उजवा हात कसा जड झालाय, बोटांत कंगवा राहत नाहीये.”

“मग?”

“मी पेपर वाचत होतो. मी हं म्हणालो.”

मी पायरीवर त्यांच्याकडे वळून बसले.

“ती पुन्हा म्हणाली, मुंग्या आल्यात बघा. मी म्हणालो, हातावर झोपली असशील. एवढं पूर्ण वाक्य बोललो. एरवी बोलत नाही, त्या दिवशी बोललो. ती म्हणाली, तसंच असेल. आणि डबा घेऊन गेली.” त्यांनी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले आणि सोडले. “साडेसात वाजले होते. अकराला ती पडली. साडेतीन तास. तेव्हाच नेली असती तर काय झालं असतं, ते मी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारवलं नाही.”

“बाबा.”

“मला तिच्याकडून ऐकायचंय. तिने शिव्या द्याव्यात. त्या सकाळी मी सांगत होते आणि तुम्ही मुंडी वर केली नाहीत, असं तिने मला म्हणावं. तिला ते आठवतं की नाही तेही मला ठाऊक नाही. ती बोलली नाही तर मला कधी कळणारच नाही.”

ते रडत नव्हते. वाळलेल्या आवाजात, एकेक शब्द निवडून बोलत होते, न सवय असलेला माणूस बोलतो तसे. मला माझ्या तीन दिवसांची शरम वाटली. इतकी की मला त्यांच्याकडे बघता येईना.

“ती बोलली,” मी म्हणाले.

“काय?”

“टीव्ही फोडला तेव्हा. नको म्हणाली. स्पष्ट. तुम्ही ओरडत होतात.”

बाबा माझ्याकडे बघत राहिले. “खात्री आहे तुझी?”

“आहे.”

“नको म्हणाली?”

“हो. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. रागात होते.”

त्यांनी कपाळ गुडघ्यांवर टेकलं. त्यांची पाठ हलायला लागली. मला वाटलं आता रडतायत, पण आवाज वेगळाच होता, हसण्यासारखा, आणि तो ऐकणं जास्त कठीण होतं. “एकतीस वर्षं,” ते म्हणाले, “एकतीस वर्षं ऐकायचं तेवढं एक काम होतं माझ्याकडे.”

त्यानंतर आम्ही वर गेलो. सगळं सुरळीत झालं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. बाबा आईच्या खाटेपाशी उभे राहिले आणि म्हणाले, “तू नको म्हणालीस. मी ऐकलं नाही.” आईने भिंतीवरून नजर काढली नाही. ते तिथेच खाली जमिनीवर बसले. अंधार पडेपर्यंत बसले. ती वळली नाही.

पुढचे आठ दिवस बाबा घरी होते. थेरपीचा आग्रह नाही, टोपी नाही, टो नाही. आई खायला लागली ती आधी माझ्या हातून, मग ताट टेबलावर ठेवून बाबा दुसऱ्या खोलीत गेले तर स्वतःच्या डाव्या हाताने. सहाव्या दिवशी ते खोलीत असतानाही तिने घास घेतला. बाबांनी तिकडे बघायचं टाळलं, खिडकीबाहेर बघत राहिले, आणि मी स्वयंपाकघरात ओठ चावून उभी राहिले. एवढ्याशा गोष्टीवर आमचा दिवस जायचा.

नववा दिवस रविवार होता. दुपारी ती काठी टेकत बाहेरच्या खोलीत आली, फुटक्या टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसली आणि पडद्यांकडे बोट दाखवलं. मी लॅपटॉप आणून टीव्हीपुढे ठेवला. बाबा दाराशी उभे.

“यांना बोलावू?” मी आईला विचारलं.

तिने बराच विचार केला. मग शेजारच्या खुर्चीवर हात आपटला, कुत्र्याला बोलवावं तसा. बाबा येऊन बसले.

बासष्टावा सिनेमा कुठल्याशा जहाजाचा होता. एक खलाशी आणि त्याची दाढी. बाबा एक अवाक्षर बोलेनात. पाट्या येत आणि जात. आईने त्यांना कोपराने ढोसलं. त्यांनी घाबरत घाबरत खलाशाचा आवाज काढला, “समुद्र आज फारच ओला आहे.” आईने नाकातून फुस्स केलं. दहा मिनिटांनी वादळ सुरू झालं, माणसं पाण्यात पडायला लागली, आणि ती अस्वस्थ झाली. ओठ दोन-तीनदा हलले. बाबांनी श्वास रोखला, पण मदत केली नाही.

“न… नको,” ती म्हणाली.

बाबांनी लगेच लॅपटॉप मिटला. “नको तर नको,” ते म्हणाले.

ते शंभर कधी झाले नाहीत. त्या आठवड्यात सहा महिने पुरे झाले. बाबांनी सरांची यादी घेतली आणि आईला एकेक गोष्ट थोडक्यात सांगायला लागले. ज्याला ती नको म्हणायची त्यावर काट. उरलेल्यांतले निम्म्याहून जास्त काटले गेले. थेरपीच्या बाईंनी तपासून सांगितलं, शब्द वाढतील, पण थोडे. पूर्वीची आई येणार नाही. त्यांनी हे आईसमोरच सांगितलं, आणि आईने मान डोलावली, जणू तिला आधीच कळलं होतं आणि आमचीच वाट बघत होती. आज ती चार शब्द बोलते. ‘नको’, ‘चल’, ‘गरम’, आणि माझं लाडाचं नाव, तेही कधी कधी बाबांना उद्देशून.

आणखी एकच सांगायचं आहे. तो जहाजाचा सिनेमा बंद केला त्या संध्याकाळी मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर पडदे ओढलेलेच होते. थोड्या वेळाने बाबांचा आवाज ऐकू आला. सिनेमाचा नव्हे, त्यांचा स्वतःचा. ते त्या मंगळवारबद्दल सांगत होते. वेणी, कंगवा, पेपर. काही गाळलं नाही. दोनदा अडले आणि पुन्हा मागून सुरुवात केली. मी गॅस बारीक केला आणि तिथेच उभी राहिले. चहा उतू जाईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही.

कप घेऊन बाहेर आले तेव्हा आईने तिचा डावा हात उचलून बाबांच्या तोंडावर ठेवला होता. तळहात घट्ट दाबून. बाबांचे डोळे उघडे होते, तिच्या डोळ्यांत बघत होते, आणि तिच्या बोटांआडून ते अजूनही काहीतरी बोलत होते.

पुरे झालं, असं ती म्हणत होती, की तिला ऐकवत नव्हतं, की ती रागाने त्यांना गप्प करत होती, मला सांगता येणार नाही. बाबांनाही कळलं नाही. मी नंतर विचारलं तर म्हणाले, “तिने हात बराच वेळ काढला नाही, एवढंच.” मी कप टेबलावर ठेवले आणि पडदे उघडायला गेले.